१९९० शेवरले सी-१५०० : काळ्या धुराच्या नोंदी

गाडी : शेवरले सी-१५०० पिकअप, १९९० चं मॉडेल, ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, थ्रॉटल बॉडी इंजेक्शन, चार गिअरची ऑटोमॅटिक.
मुक्काम : कोलंबस, ओहायो.
मुदत : ८ एप्रिल. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण आहे. आमच्या घरावरून पट्टा थोडक्यात हुकतोय, म्हणून पश्चिमेला वापाकोनेटाला जायचं ठरलंय, आणि याच गाडीनं. तसं मी लेकीला कबूल करून बसलोय.

शनिवार, २ मार्च २०२४

गाडी घरी आली. गल्लीच्या टोकाच्या निवृत्त आजोबांची होती. गुडघे साथ देत नाहीत, चढता येत नाही, म्हणून विकली. किंमत इतकी कमी की मीच विचारलं, काय बिघडलंय? म्हणाले, "पेट्रोल पिते." बस, एवढंच.

चौदा मैलांची चक्कर मारली. हायवेच्या चढावर पाय दाबला तर सुरेख ओढली, आरशात धूर नाही. पिकअपला पिकअप आहे म्हणायचा. पण खाली उतरून सिग्नलला थांबलो की इंजिन लडखडतं, मागून काळा धूर आणि डोळे चुरचुरतील असा वास. डॅशवर 'सर्व्हिस इंजिन सून'चा पिवळा दिवा.

गॅरेजमध्ये लावली आणि पाच मिनिटांत बायको दारात. "पिकअप आणलीस की रॉकेलचा स्टोव्ह?"

ग्लोव्ह बॉक्समध्ये जुनी बिलं सापडली. दीड वर्षात दोन वेळा ऑक्सिजन सेन्सर बदललाय, प्लग, डिस्ट्रिब्युटरचं कॅप आणि रोटर. सगळं वेगवेगळ्या हातांनी केलेलं. आजोबांचे पैसे गेले, धूर राहिला.

रविवार, ३ मार्च

आधी प्लग काढले. आठच्या आठ काळे, कोरड्या काजळीनं माखलेले. एखादाच काळा असता तर त्या सिलेंडरची भानगड म्हटलं असतं. सगळेच काळे म्हणजे दोष सगळ्यांच्या वर, जिथे मिश्रण तयार होतं तिथे.

ऑइलची पट्टी काढून हुंगली. ऑइल कमी, पेट्रोल जास्त असा वास, आणि पातळी वरच्या खुणेच्याही अर्धा इंच वर. जास्तीचं पेट्रोल रिंगांवरून खाली झिरपतंय. याचा एक उलटा फेराही असतो : पेट्रोल मिसळलेल्या ऑइलची वाफ पीसीव्ही व्हॉल्व्हमधून परत इंजिनात ओढली जाते आणि मिश्रण आणखी रिच (हवेच्या मानानं पेट्रोल जास्त) होतं. म्हणून पुढच्या कुठल्याही मोजणीआधी ऑइल बदलायचं. कामांच्या यादीत हे पहिलं लिहिलं.

मग कोड, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर दोषांची नोंद ज्या आकड्यांत ठेवतो ते. १९९६ पासून अमेरिकेत सगळ्या गाड्यांना एकच ठरावीक सॉकेट आलं, त्याआधी ज्याची त्याची तऱ्हा. या गाडीत डॅशखाली बारा पिनांचा कनेक्टर आहे. वरच्या ओळीतल्या उजवीकडच्या दोन पिना, ए आणि बी, कागदाच्या क्लिपनं जोडायच्या आणि इंजिन न लावता चावी फिरवायची. दिवा बोलायला लागतो. एक मिचकावणी, थोडा थांबा, दोन मिचकावण्या : १२. हा नमस्कार समजायचा, तो तीनदा होतो. त्यानंतर चार, थांबा, पाच. तीनदा. ४५.

४५ म्हणजे ऑक्सिजन सेन्सर सांगतोय की धुरात ऑक्सिजन उरलेलाच नाही, मिश्रण रिच आहे. सेन्सर *बिघडलाय* असं तो कोड कुठेच म्हणत नाही. तरी दोनदा सेन्सरच बदलला गेला.

टाकी भरून घेतली. शेवटच्या १०४ मैलांना १२.६ गॅलन. गॅलनला ८.३ मैल, म्हणजे लिटरला साडेतीन किलोमीटर. एसटीसुद्धा बरी.

शनिवार, ९ मार्च

ऑइल आणि फिल्टर बदलले. जुनं ऑइल पाण्यासारखं पातळ धार धरून पडलं.

सकाळी कराडला मामांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे साडेआठ, जेवण झालेलं. मामांनी चाळीस वर्षं गॅरेज चालवलंय, फियाट आणि अँबॅसिडरचे कार्बोरेटर त्यांच्या हातून किती गेले त्याला गणती नाही. एअर क्लिनरचं झाकण काढून फोन आत धरला.

"अरे, हा तर कार्बोरेटरच की!"

"दिसतो तसा, मामा. पण आत जेट नाहीत. वर दोन इंजेक्टर आहेत, ते खालच्या पडद्यांवर पेट्रोल फवारतात. किती वेळ उघडे ठेवायचे ते कॉम्प्युटर ठरवतो."

"बरं. मग चोक कोण ओढतं?"

प्रश्न बरोबर जागी लागला. इथे चोक नाही, पण चोकचं काम आहे. इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलेंडरांकडे हवा नेणाऱ्या भागाच्या) पुढच्या अंगाला, थर्मोस्टॅटजवळ (इंजिन तापेपर्यंत कूलंटची वाट अडवणारी झडप), दोन तारांचा कूलंट सेन्सर आहे. इंजिन गार आहे असं त्यानं सांगितलं की कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. तो सेन्सर खोटं बोलत असेल तर चोक ओढून ठेवलेल्या फियाटसारखीच अवस्था. डॅशवरचा तापमानाचा काटा वेगळ्याच, एका तारेच्या सेन्सरवर चालतो. काटा बघून कॉम्प्युटरला काय कळतंय ते समजत नाही.

मीटर लावला. रात्रभर गार पडलेलं इंजिन, बाहेर चार-पाच अंश : ७,५०० ओहम. बरोबर. हा सेन्सर तापला की रोध कमी होतो. वीस अंशांना साधारण ३,५००, नव्वद अंशांना २४० च्या आसपास. वीस मिनिटं इंजिन चालवलं, एक चक्कर मारली, परत मोजलं : ६१०. म्हणजे साठ-बासष्ट अंश. सेन्सर पकडला म्हणून हात चोळले, पण खात्रीसाठी इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घरावर धरला. ६३ अंश.

सेन्सर खरं बोलतोय. इंजिनच तापत नाहीये.

"थर्मोस्टॅट उघडा अडकलाय," मामा म्हणाले. "बदल आणि झोप."

रविवार, १० मार्च

घड्याळं एक तास पुढे गेली, त्यात झोप गेली. मामांचा सल्ला निम्मा आधीच बुडाला.

थर्मोस्टॅटच्या घराला दोनच बोल्ट. ओहायोत हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं, त्यामुळे इथल्या पस्तीस वर्षांच्या गाडीत दोन बोल्ट म्हणजे अर्धा दिवस. एक सरळ निघाला. दुसऱ्याला गंजाचं तेल पाजलं, थोपटलं, परत पाजलं, पाना मागे-पुढे पाव पाव फेरा करत शेवटी बाहेर आला, निम्म्या आट्यांना मॅनिफोल्डचं ॲल्युमिनियम चिकटवून. आटे टॅपनं साफ केले. जुना थर्मोस्टॅट खरोखरच आ वासून बसला होता. नवा १९५ फॅरनहाइटचा, म्हणजे ९१ सेल्सिअसला उघडणारा.

आता तापल्यावर २३० ओहम. हीटरमधून गरम हवा येते. आजोबांनी म्हणे दोन हिवाळे घोंगडी पांघरून गाडी चालवली.

धूर? थोडा कमी. वास तसाच. कोड पुसले होते, पंधरा मैलांत ४५ हजर.

मामा बरोबर होते आणि गाडी मात्र सुधारली नाही. त्यांना कळवलं. "मग एकाच घरात दोन आजारी असतील," म्हणाले.

शनिवार, १६ मार्च

पेट्रोलची बाजू एका दिवसात उरकली.

चावी ऑन, इंजिन बंद : इंजेक्टरांची टोकं कोरडी, गळती नाही. इंजिन चालू करून टायमिंग लाइटचा झोत इंजेक्टरवर टाकला. झोत स्पार्कच्या तालावर लुकलुकतो म्हणून फवारा हवेत थबकल्यासारखा दिसतो. दोन्हीकडे सारखा, व्यवस्थित शंकू, कुठे धार किंवा थेंब नाही. हे दृश्य तासभर बघत बसावं असं आहे.

प्रेशर मोजायला या गाडीत तयार तोंड नाही, लाइनमध्ये टी बसवावा लागतो. ११ पीएसआय आलं. ९ ते १३ मध्ये हवं. प्रेशर राखणारा रेग्युलेटर संशयातून सुटला.

टाकीतली वाफ शोषणारा कोळशाचा डबा पेट्रोलनं भरून गेला असेल तर तोही मिश्रण बिघडवतो. त्याचा पाईप चिमटून बंद केला, काही फरक नाही.

रविवार, १७ मार्च

ऑक्सिजन सेन्सरची साक्ष कितपत खरी, ते बघायचं होतं. एक तार पुढून खिडकीतून आत घेतली, मीटर लेकीच्या मांडीवर.

हा सेन्सर रिच मिश्रणाला ०.९ व्होल्टच्या आसपास आणि लीनला (पेट्रोल कमी, हवा जास्त) ०.१ च्या आसपास दाखवतो. कॉम्प्युटर ताळ्यावर असेल तर आकडा सारखा ०.४५ च्या वर-खाली नाचत राहतो. आमचा नाचत नव्हता. लेक मोठ्यानं वाचत होती : "पॉइंट एट सिक्स. पॉइंट एट सिक्स. पॉइंट एट सेव्हन. बाबा, हे बोअरिंग आहे."

मग नदीकडच्या उतारावर ॲक्सलरेटरवरून पाय पूर्ण काढला. अशा वेळी कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो.

"पॉइंट झीरो फाइव्ह! बाबा, पडला!"

पाय ठेवला, परत ०.८६. सेन्सर जिवंत आहे, चपळ आहे आणि खरं सांगतोय. बिचाऱ्याला दोनदा नोकरीवरून काढलं.

अजून एक शंका यातच मिटली. प्लगमध्ये मिसिंग असतं तरी पेट्रोलचा वास येतो, पण तेव्हा न जळलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो आणि सेन्सर उलट लीन दाखवतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट तुटून हवा आत ओढली जात असती तरी तसंच, कोड ४४ आला असता. आपल्याकडे ४५ आहे. म्हणजे पेट्रोल खरंच जास्त पडतंय, आणि इंजेक्टर गळत नसताना जास्त पडतंय याचा अर्थ कॉम्प्युटर स्वतःच्या हातानं जास्त ओततोय. त्याला कोणीतरी तसं सांगतंय. कोण?

शुक्रवार, २२ मार्च

मागवलेली केबल आली. जुन्या कनेक्टरला लॅपटॉप जोडता येतो. माहिती सेकंदाला १६० बिट या गतीनं येते, गोगलगाय बरी, पण येते.

बघायचा आकडा 'ब्लॉक लर्न'. १२८ म्हणजे कॉम्प्युटरला मूळ हिशोबात काही दुरुस्ती करावी लागत नाही. त्याहून कमी म्हणजे तो पेट्रोल कापतोय. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) १०८, तळाला टेकलेला. याच्या खाली त्याला कापताच येत नाही. कापून कापून थकला, तरी सेन्सर रिचच म्हणतो, तेव्हा तो ४५ लिहून ठेवतो.

रात्री साडेनऊला हायवेवर एक चक्कर मारली. चढावर, बराचसा पाय दाबलेला असताना, ब्लॉक लर्न १२४. जवळजवळ निरोगी!

घरी येऊन याच वहीची पहिली नोंद वाचली. "पाय दाबला तर सुरेख ओढली, आरशात धूर नाही." तीन आठवडे हे वाक्य माझ्याच अक्षरात पडून होतं आणि मी बोल्टांना तेल पाजत बसलो होतो.

शनिवार, २३ मार्च

हे इंजिन हवा मोजत नाही. आत येणाऱ्या हवेच्या वाटेवर मापक बसवलेलाच नाही. मॅनिफोल्डमध्ये दाब किती, इंजिनाचे फेरे किती, तापमान किती, यावरून कॉम्प्युटर हवेचा अंदाज बांधतो आणि त्याला पुरेल इतकं पेट्रोल सोडतो. दाब सांगायचं काम मॅप सेन्सरचं. तो थ्रॉटल बॉडीशेजारी बसतो, एका बारीक रबरी पाईपमधून मॅनिफोल्डची हवा चाखतो.

आयडलिंगला थ्रॉटल (हवेची झडप) बंद, म्हणून आत जोरदार व्हॅक्यूम, दाब कमी. पाय दाबला की थ्रॉटल उघडतो आणि आतला दाब बाहेरच्या हवेइतका होत जातो.

आता समजा, सेन्सरला आयडलिंगचा दाब खरा आहे त्यापेक्षा जास्त दिसतोय. कॉम्प्युटरला वाटतं गाडी चढ चढतेय, ओत पेट्रोल. खरोखर चढ आला की आत-बाहेर दाब सारखाच, तिथे चूक उरतच नाही. म्हणून चढावर निरोगी, सिग्नलला आजारी. रेग्युलेटर किंवा इंजेक्टर दोषी असता तर त्यानं चढाला अशी सूट दिली नसती.

मोजलं. इंजिन बंद, चावी ऑन : ४.६ व्होल्ट, बाहेरच्या हवेला योग्य. आयडलिंगला लॅपटॉप म्हणतो ६० किलोपास्कल, मीटर म्हणतो २.६ व्होल्ट. असायला पाहिजेत एक ते दीड व्होल्ट. व्हॅक्यूम गेज थेट मॅनिफोल्डवर लावलं : १८ इंच (पाऱ्याचे), काटा स्थिर. १८ इंच म्हणजे आतला दाब ३७ किलोपास्कलच्या आसपास. आहेत ३७, सेन्सर सांगतोय ६०. दीडपटीहून जास्त हवेचं पेट्रोल पडतंय. कापायची मुभा त्यामानानं फारच थोडी.

मॅप सेन्सरला स्वतःचा कोडही आहे, ३३, पण तो आकडा अगदीच अशक्य झाला तर येतो. ६० किलोपास्कल अशक्य नाही, चढावर तेवढे असतातच. थापा मारणारा पचेल तेवढीच थाप मारत होता. अंधार पडला, सेन्सर उद्या.

रविवार, २४ मार्च (होळी)

सेन्सर नवा घ्यायला निघालोच होतो. चपला घातल्यावर थांबलो. दोन ऑक्सिजन सेन्सरांची बिलं आठवली.

हातपंप थेट सेन्सरच्या तोंडाला लावून १८ इंच व्हॅक्यूम ओढला. १.४ व्होल्ट. पंपाचा काटा मिनिटभर हलला नाही. सेन्सर ठणठणीत.

मग तोच पंप पाईपच्या दुसऱ्या टोकाला. ओढतोय, ओढतोय, काटा अकरावर जातो आणि हात थांबला की सुस्कारा सोडून खाली येतो.

पाईप म्हणजे माझ्या मधल्या बोटाएवढा तुकडा. वरून काळा, गुळगुळीत, नवा वाटावा असा. उपसून उलटा केला तर खालच्या अंगाला ऑइल लागून रबर मऊ, फुगलेलं, आणि थ्रॉटल बॉडीच्या निपलवर बसतो तिथे लांबीला धरून करंगळीच्या नखाएवढी चीर. जागेवर असताना ती बाजू खाली, मॅनिफोल्डकडे; वरून कितीही वाकून बघा, दिसणार नाही. दोन बोटांनी दाबलं की चीर ओठांसारखी उघडायची, सोडलं की मिटायची.

नवा व्हॅक्यूम पाईप फुटावर मिळतो. फूटभर घेतला, तीन डॉलरच्या आत. कापला, बसवला. कॉम्प्युटरचा फ्यूज काढून जुनी शिकवण पुसली.

३७ किलोपास्कल. इंजिनाचा आवाज बदलला ते लॅपटॉप बघायच्या आधीच कळलं. लडखडणं गेलं, एकसारखी गुरगुर. क्लिप लावून दिव्याकडे बघितलं. इंजिन चालू असताना दिवा वेगळी भाषा बोलतो : रिच असेल तर जास्त वेळ पेटलेला, लीन असेल तर जास्त वेळ विझलेला. आधी तो पेटूनच असायचा. आता सेकंदाला एक, निवांत उघडझाप.

मामांना पाईपचा फोटो पाठवला. उत्तर एका ओळीत : "आमच्या फियाटला पाईपच नव्हते एवढे."

संध्याकाळी पुरणपोळी. हाताचा पेट्रोलचा वास दोनदा साबण लावूनही गेला नाही, म्हणून मला दूध चमच्यानं वाढून घ्यावं लागलं.

शनिवार, ३० मार्च

आठवडाभर ऑफिसला याच गाडीनं. ब्लॉक लर्न आयडलिंगला १२५, बाकी सगळीकडे १२२ ते १३०. कोड फक्त १२. ऑइल परत बदललं, खबरदारी म्हणून. यावेळी ऑइलला ऑइलचाच वास होता. दोन प्लग काढून बघितले, टोकाकडून काजळी जळत चाललीय, खाली फिकट तांबूस रंग दिसायला लागलाय.

आजोबांना चक्कर मारून आणली. हीटर लावून दिला. त्यांनी तो पूर्ण वेळ सुरूच ठेवला, बाहेर पंधरा अंश असताना.

सोमवार, ८ एप्रिल

वापाकोनेटा. नील आर्मस्ट्राँगचं जन्मगाव असल्यानं गर्दी होणार हे गृहीत होतं. सकाळीच निघालो, मैदानाच्या कडेला मागचं फळकं पाडून चटई अंथरली, डब्यात थालीपीठ. तीन वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला अंधारलं आणि जवळजवळ चार मिनिटं तसंच राहिलं. त्याबद्दल या वहीत लिहायचं नाही, लेक वेगळी लिहितेय.

परतीला हायवे ३३ वर हे एवढं ट्रॅफिक. अडीच तास पहिल्या गिअरमध्ये सरकत, म्हणजे नेमकं तेच काम जे गाडीला जमत नव्हतं. खिडक्या उघड्या होत्या, वास आला नाही. मागच्या गाडीवाल्यानंही हॉर्न मारला नाही.

घरी येताना टाकी भरली. १६२ मैल, १०.६ गॅलन. गॅलनला १५.३, लिटरला साडेसहा किलोमीटर.

मंगळवार, ९ एप्रिल (पाडवा)

गुढी उभारायला काठी काढली ती गॅरेजमधूनच, तेव्हा गाडीखालच्या पुठ्ठ्यावर नजर गेली. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली रुपयाएवढा ऑइलचा डाग, ताजा. मागचं क्रँक सील असेल, किंवा वरून व्हॉल्व्ह कव्हरचं ऑइल वाट काढत येत असेल. आधी वरचं पुसून, कोरडं करून, दोन दिवस नवा पुठ्ठा ठेवून बघणार.